बेथेल ते मंगरूळ : ‘देऊळ’ या चित्रपटाविषयी काही विचार

धर्मशास्त्राला वाहिलेल्या पत्रिकेत चित्रपटाचे परीक्षण कशासाठी, अशी पृच्छा आमचे काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, प्रस्तुत चित्रपटाचा विषय दुसऱ्या कोणाचा नसून आपलाच आहे. एखाद्या साध्या मनुष्यास देवाच्या सान्निध्याचा अनुभव येतो, तेव्हा त्या अनुभवाचे पुढे काय होते आणि ते कोण करते, हा तो विषय. ज्यांच्या हाती मंदिरांच्या किल्ल्या, उत्सवांचे हिशेब आणि समित्यांची अध्यक्षपदे असतात, त्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालत नाही.

उमेश विनायक कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला ‘देऊळ’ ४ नोव्हेंबर २०११ रोजी प्रदर्शित झाला. कथा व संवाद गिरीश कुलकर्णी यांचे. केशव या गुराख्याची प्रमुख भूमिकाही त्यांचीच. २०११ सालच्या चित्रपटांसाठी दिलेल्या एकोणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘देऊळ’ला मिळाला, आणि तो ‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून मिळाला. ब्यारी ही आमच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील मुसलमान समाजाची बोली. त्यामुळे त्या वर्षीचा हा दुहेरी सन्मान आम्हा सीमेलगतच्या मराठी भाषकांना विशेष सुखावून गेला. ‘श्यामची आई’ आणि ‘श्वास’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा हा तिसरा मराठी चित्रपट होय. गिरीश कुलकर्णी यांना अभिनयासाठी आणि संवादांसाठी असे आणखी दोन पुरस्कार लाभले. पुरस्कारांची ही यादी येथवरच पुरे. चित्रपट मोठा आहे तो त्यांमुळे नव्हे.

कथानक थोडक्यात असे. मंगरूळ नावाच्या एका आडगावी केशव, ज्याला सारे गाव केश्या म्हणते, गुरे राखून असतो. त्याची लाडकी गाय करडी हरवते. तिला शोधता शोधता तो माळावर एका औदुंबराखाली निजतो आणि तेथे त्याला दत्तगुरूंचे दर्शन घडते. तो ओरडत गावात धावत येतो. गावातील वडीलधारे, विचारी अण्णा त्याला समजावतात की, हे जे तुला दिसले ते तुझे आहे, ते तुझ्यापाशीच जपून ठेव. पण बातमी वर्तमानपत्रात जाते, रिकामटेकड्या तरुणांच्या डोक्यात घर करते, आणि पुढारी भाऊ गलांडे यांच्या ओसरीवर येऊन बसते. अण्णांनी भाऊंच्या मदतीने गावात इस्पितळ व्हावे म्हणून खटपट चालविलेली असते. आरंभी भाऊंचाही ओढा इस्पितळाकडेच असतो. हळूहळू इस्पितळ मागे पडते आणि देऊळ उभे राहते. अण्णा गाव सोडून जातात. देवळापाठोपाठ दुकाने, रस्ते, वाहने, गर्दी आणि पैसा येतो. ज्या केश्याला दर्शन झाले त्यालाच त्या गर्दीत देव सापडेनासा होतो. शेवटी तो मूर्ती उचलून नेतो आणि नदीत विसर्जित करतो. गाव काय करते? दुसरी मूर्ती आणते, आणि पहिल्यापेक्षा अधिक थाटामाटाने तिची स्थापना करते.

एवढे वाचून हा एखादा रडका, उपदेशपर चित्रपट असावा असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. प्रेक्षक पहिला तासभर सतत हसत असतो. ग्रामपंचायतीतील कारभार, पुढाऱ्याच्या मागेपुढे करणारी पोरे, प्रत्येक गोष्टीत आपला वाटा शोधणारी माणसे, हे सारे आपण पाहिलेले असते आणि म्हणूनच हसू येते. मात्र ते हसू ज्या जागी थांबते ती जागा लेखकाने आधी दाखवून ठेवलेली नाही. इस्पितळाचा विषय गावाच्या बोलण्यातून केव्हा नाहीसा झाला हे सांगणारा एकही प्रसंग चित्रपटात ठळकपणे येत नाही. कोणी विरोध केला नाही, कोणी नकार दिला नाही. सर्वांनी केवळ दुसऱ्याच एका गोष्टीविषयी बोलावयास सुरुवात केली. आमच्या मते या चित्रपटाचा खरा काळोख तो हा. दुष्टपणावाचून वाईट घडते, आणि ते घडत असताना आपण हसत असतो.

याचे पुष्कळसे श्रेय नाना पाटेकर यांना दिले पाहिजे. भाऊ गलांडे हा खलपुरुष म्हणून रंगविणे सोपे होते. पाटेकरांच्या चाहत्यांना तसा आवेश आवडलाही असता. त्यांनी तो कटाक्षाने टाळला आहे. त्यांचा भाऊ प्रेमळ आहे, अण्णांविषयी त्याच्या मनात खरा आदर आहे, आणि आपण जे करतो ते गावाच्या भल्यासाठीच, असे त्याला मनापासून वाटते. अण्णांबरोबरच्या त्याच्या संवादात पुढाऱ्याची बाजू लंगडी ठेवलेली नाही. देवळाने गावाला रोजगार मिळाला, रस्ता मिळाला, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा त्यावर आवाज चढवीत नाहीत. प्रभावळकरांनी पराभव केवळ खांद्यांतून आणि चालण्यातून दाखविला आहे. हा प्रसंग मराठी चित्रपटातील वैचारिक संवादांचा एक नमुना म्हणून धर्मविद्यालयांतून अभ्यासला जावा असे आम्हास वाटते. कारण वाद दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असेल तेव्हाच ऐकणाऱ्याची कसोटी लागते.

गिरीश कुलकर्णी यांचा केश्या भोळा आहे, पण वेडगळ नाही. भोळ्या माणसाची भूमिका करणारे नट बहुधा प्रेक्षकांकडे डोळा मिचकावून आपली हुशारी सुचवितात. येथे तसे होत नाही. करडीवर त्याचे जेवढे प्रेम आहे तेवढेच दत्तगुरूंवर आहे, आणि या दोन प्रेमांत त्याला फरक करता येत नाही. या निरागसपणाला चित्रपटात कोणीही हात जोडत नाही, सारे केवळ त्याच्या स्वप्नाला जोडतात.

आता धर्मशास्त्राकडे वळू. पवित्र शास्त्राच्या वाचकाला ही कथा पाहताना एक ठिकाण वारंवार आठवेल, ते म्हणजे बेथेल. उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात याकोब घरातून पळालेला, एकटा, उघड्यावर दगड उशाला घेऊन निजतो. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसते. जागा झाल्यावर तो भयभीत होतो, तो दगड उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि जागेला नाव देतो. येथवर सारे निर्मळ आहे. पुढे राज्य फुटते तेव्हा यराबाम राजाला चिंता पडते की, लोक यरुशलेमेस उपासनेला गेले तर त्यांची मनेही तिकडेच वळतील. म्हणून तो याकोबाच्या त्याच बेथेलात सोन्याचे वासरू बसवितो (१ राजे १२). श्रद्धेची जागा आता सत्तेच्या सोयीची झाली. आणखी काळ लोटतो. यहूदातला एक गुराखी तेथे येऊन देवाचे शब्द बोलू लागतो, तेव्हा तेथला याजक अमस्या त्याला सांगतो की, हे राजाचे पवित्रस्थान आहे, येथे बोलू नकोस, आपल्या देशी जाऊन पोट भर (आमोस ७). आमोस उत्तर देतो की, आपण संदेष्ट्यांच्या घराण्यातले नव्हे. गुरे राखणारे आणि रानातील फळझाडे सांभाळणारे आहोत. ती झाडे आपल्या उंबराच्याच जातीची होती, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

याकोबापासून अमस्यापर्यंत शास्त्राला कित्येक शतके लागली. मंगरूळने तेवढाच प्रवास काही महिन्यांत उरकला. आणि कथेची विशेष खोच अशी की, आरंभी स्वप्न पाहणारा याकोब आणि शेवटी त्या स्थानाविरुद्ध उठणारा आमोस हे दोघे ‘देऊळ’मध्ये एकच मनुष्य आहेत. दोन्ही वेळा तो गुराखीच आहे. लेखकाने बायबल समोर ठेवून ही मांडणी केली असे आम्ही म्हणत नाही, तसे मानावयास काही आधारही नाही. एकनाथांच्या भारुडांपासून गाडगे महाराजांच्या कीर्तनांपर्यंत धर्मातील ढोंगाला धर्माच्या अंगणातूनच हसण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे, आणि देवळापेक्षा धर्मशाळा व शाळा बांधा, असे गाडगे महाराज गावोगाव सांगत फिरले. लेखक त्या कुळातला आहे. तथापि देवाने सर्वत्र मनुष्यांना एकाच मातीचे घडविले असल्यामुळे त्यांच्या चुकाही एकमेकींना ओळखतात.

मूर्ती पाण्यात सोडण्याचा प्रसंग पाहताना सीनाय पर्वताच्या पायथ्याची आठवण होणे अटळ आहे. मोशेने वासरू जाळून, कुटून, त्याचे चूर्ण पाण्यावर टाकले (निर्गम ३२). पण आम्हास त्या अध्यायातील दुसरे एक पात्र अधिक महत्त्वाचे वाटते. मोशे जाब विचारतो तेव्हा महायाजक अहरोन सांगतो की, लोकांनी सोने दिले, आपण ते विस्तवात टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर आले. हे उत्तर व्यासपीठावरून वाचताना आपण गंभीर चेहरा करतो म्हणूनच त्यातील विनोद श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. जणू वासरू आपोआप घडले! अहरोन दुष्ट नव्हता. त्याला लोकांना नाही म्हणता आले नाही, एवढेच. भाऊ गलांड्यांचे बोलणे ऐकावे आणि मग अहरोनाचे उत्तर पुन्हा वाचावे. शास्त्रातही काळोखा विनोद आहे, आणि तो बहुधा याजकांविषयीच आहे.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आमच्या ख्रिस्ती वाचकाने हा चित्रपट ‘त्यांच्या’ देवळांवरील टीका म्हणून पाहिला तर तो पाहिलाच नाही असे समजावे. हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये रायापूर येथे राहणाऱ्या आम्हाला सर्व धर्मांच्या यात्रा जवळून दिसतात. सिद्धारूढांच्या मठाकडे, सौंदत्तीच्या यल्लम्माकडे आणि दत्तभक्तांच्या गाणगापुराकडे जाणाऱ्या अनेक पायांतील श्रद्धा खरी असते, हे आम्ही आदरपूर्वक नमूद करतो. आणि आपल्याकडे काय आहे? सणाच्या नोव्हेनाचे ध्वनिक्षेपक, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आमदारांचे छायाचित्र आणि त्यानंतर कोठे तरी ग्रामस्वामीचे चित्र, कोनशिलेवर कोणाचे नाव वर असावे याविषयी दोन-दोन तास चालणाऱ्या बैठका. दवाखान्यासाठी जमविलेला निधी मनोऱ्याकडे वळल्याची उदाहरणे वाचकांना स्वतःच आठवतील, ती देण्याची आम्हास गरज नाही. मंगरूळला आपण हसतो ते आपल्या भाषेची लकब ओळखीची वाटते म्हणून.

रूपांतराच्या डोंगरावर पेत्रालाही हाच मोह झाला होता. तेज पाहिले आणि त्याला लगेच तीन मंडप उभारावेसे वाटले. प्रभूने मंडपांना उत्तरच दिले नाही. उलट खाली उतरताना, हे जे पाहिले ते इतक्यात कोणास सांगू नका, अशी ताकीद दिली (मत्तय १७). अण्णांचा केश्याला दिलेला सल्ला यापेक्षा वेगळा नाही. अनुभवाला मुरण्यास वेळ द्यावा लागतो. आणि डोंगराच्या पायथ्याशी काय वाट पाहत होते, तेही लक्षात घ्यावे. तेथे एक आजारी मुलगा आणि त्याचा हताश बाप होता. वर मंडप, खाली रुग्ण. मंगरूळातही नेमकी हीच निवड होती.

येथील धर्मशिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही हा चित्रपट दाखविला तेव्हा चर्चेत सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळ एकच प्रश्न रेंगाळला. अण्णांनी गाव का सोडले? एका वयस्क धर्मशिक्षकाने तर जरा चिडूनच म्हटले की, शहाणा माणूस निघून गेला आणि गुराख्यावर सारे ओझे टाकून गेला. आम्हास हा आक्षेप रास्त वाटतो, आणि चित्रपटाने तो पुरेसा ओळखलेला नाही. अण्णांचे जाणे फार हळुवारपणे, जवळजवळ गौरवाने चित्रित केले आहे. पण सुशिक्षित माणसाला जावयास दुसरी जागा असते, केश्याला नसते. अण्णा थांबते तर देऊळ थांबले नसते, हे खरे. तरीही केश्याला रात्रीच्या अंधारात मूर्ती उचलण्यापूर्वी कोणाजवळ तरी बसून रडता आले असते.

या प्रश्नाच्या निमित्ताने आयर्लंडमधील एका चित्रपटाचा उल्लेख करणे अवश्य आहे. जॉन मायकेल मॅकडोना यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘कॅल्व्हरी’, म्हणजे आपल्या तोंडची कालवरी, २०१४ साली आला. स्लायगो परगण्यातील समुद्राकाठचे एक खेडे. पापनिवेदनाच्या खोलीत एक अदृश्य माणूस फादर जेम्सला सांगतो की, लहानपणी एका धर्मगुरूने आपल्यावर वर्षानुवर्षे अत्याचार केले. तो धर्मगुरू आता मेला आहे. आणि वाईट धर्मगुरूला मारून कोणाला काय वाटणार? म्हणून आपण एका चांगल्या, निरपराध धर्मगुरूला मारणार, येत्या रविवारी, समुद्रकिनारी. फादर जेम्सने आवाज ओळखला आहे. पुढचा आठवडाभर तो गावात पूर्वीसारखाच फिरतो, आणि गावकरी त्याची जी थट्टा करतात ती ऐकून प्रेक्षक हसतो व हसल्याची त्याला लाज वाटते. आयर्लंडमध्ये २००९ साली रायन आणि मर्फी या आयोगांचे अहवाल प्रसिद्ध झाले, मुलांवरील अत्याचार आणि ते झाकणारी ख्रिस्तसभेची यंत्रणा उघडी पडली. ही थट्टा त्या जखमेतून येते.

फादर जेम्सही अण्णांप्रमाणे निघून जातो. त्याचे चर्च जाळले गेले आहे, कुत्रा मारला गेला आहे; तो विमानतळापर्यंत पोहोचतो. तेथे एका अपघातात मेलेल्या परक्या माणसाची शवपेटी त्याला दिसते. दोन कामगार त्या पेटीवर रेलून निवांत गप्पा मारीत आहेत. त्या मृताला अंत्यसंस्कार त्यानेच दिले होते, त्याच्या विधवेशी तो देवावरील विश्वासाविषयी बोलला होता. तो काहीही न बोलता परत फिरतो. ब्रेंडन ग्लीसन यांचा तेथला चेहरा आम्ही विसरू शकत नाही. त्यात शौर्य नाही, केवळ दमलेपणा आहे, आणि आपले काम कोठे आहे याची ओळख आहे. पेटीवर कोपर टेकणारे हात पाहून जो परततो तो धर्मगुरू, अशी व्याख्या करावयाचा मोह होतो.

पण हा चित्रपट त्यालाही सोडीत नाही. किनाऱ्यावर मारेकरी त्याला विचारतो, कुत्रा मेला तेव्हा रडलास का? होय. आणि त्या मुलांविषयी वर्तमानपत्रात वाचलेस तेव्हा? फादर जेम्स प्रामाणिकपणे सांगतो की, नाही. तेव्हा ते सारे दूरचे वाटले. गावात राहणाऱ्या चांगल्या पाळकाच्या अंतःकरणातही इस्पितळाची जागा अशीच केव्हा तरी रिकामी राहून गेलेली असते. क्रिस ओ’डाउड या विनोदी नटाला मारेकऱ्याची भूमिका देण्यातील धाडस या क्षणी कळते. त्याचा आवाज अखेरपर्यंत शेजाऱ्याचा राहतो.

‘देऊळ’कडे परत येऊन काही उणिवा सांगतो. मध्यंतरानंतर गर्दीची दृश्ये एकमेकांत मिसळू लागतात आणि एकच मुद्दा चार वेळा सिद्ध केला जातो. पत्रकार आणि तरुण मंडळी यांची व्यंगचित्रे भाऊंच्या व्यक्तिरेखेशेजारी फिकी पडतात. सोनाली कुलकर्णी यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला भाऊंच्या पत्नीच्या भूमिकेत करावयास पुरेसे मिळालेले नाही. गावातील स्त्रियांच्या श्रद्धेचा शोध घेतला असता तर चित्रपट अधिक खोल गेला असता, कारण देवळाचा पहिला भक्तवर्ग त्यांचाच असतो. नसीरुद्दीन शाह पाहुण्या कलावंताच्या एका लहान भूमिकेत येतात. तो प्रसंग चमकदार आहे, पण कथेच्या अंगावर घातलेल्या दागिन्यासारखा. उषा नाडकर्णी, किशोर कदम, हृषीकेश जोशी यांची कामे मात्र चोख आहेत.

तांत्रिक बाजूंपैकी सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायालेखनाचा वेगळा उल्लेख हवा. आरंभीचा ओसाड माळ आणि शेवटचा गजबजलेला माळ त्यांनी असा टिपला आहे की, गाव श्रीमंत झाले आणि जागा दरिद्री झाली हे शब्दांवाचून समजते. मंगेश धाकडे यांच्या संगीतात भजनाचा सूर आणि बाजारू गाण्याचा ठेका यांची सीमा हळूहळू पुसली जाते, आणि तेच त्याचे काम होते. याच दिग्दर्शकाचा, याच लेखकाच्या सहभागाने झालेला ‘वळू’ (२००८) ज्यांनी पाहिला असेल त्यांना गावाविषयीची ही माया आणि हा खट्याळपणा ओळखीचा वाटेल. तेथे सारे गाव एका बैलामागे धावते. येथे तेच गाव देवामागे धावते आणि त्याला पकडूनही ठेवते.

जे बंधू हा चित्रपट आपल्या धर्मग्रामात दाखवू इच्छितात त्यांनी तो सव्वादोन तासांच्या आसपास चालतो हे ध्यानी घेऊन चर्चेसाठी दुसरा दिवस ठेवावा. चर्चेपूर्वी आमोसाचा सातवा अध्याय मोठ्याने वाचून घ्यावा आणि उत्सवसमितीच्या सभासदांना आवर्जून बोलवावे. ‘कॅल्व्हरी’ मात्र मुलांसमोर किंवा सर्वसाधारण सभेत दाखवू नये. त्याची भाषा कठोर आहे आणि विषय असा आहे की, प्रेक्षकांत कोणी तो स्वतः भोगलेला असू शकतो. तो धर्मगुरूंनी आपसात, दार लावून पाहावा.